आवाज पुढे, चित्र मागे: लाइव्ह प्रक्षेपणातल्या ताळमेळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळ, कणकवली, मालवण, देवगड या पट्ट्यात दशावतारी नाटकं, डबलबाऱ्या (दोन भजनी बुवांचे सामने), कबड्डीचे सामने आणि सप्ताह लाइव्ह लावणाऱ्या पोरांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न मुंबईत लिंक उघडून बसलेल्या चाकरमान्यांचेही आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे आम्ही स्वतः बरेच धडपडलो.

“आवाज फुडे आणि तोंड मागे, असा कित्याक होता?”

दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत म्हणून. नटाचा माइक, पायपेटी आणि पखवाज यांच्या वायरी मिक्सरला जातात आणि मिक्सरमधून थेट लॅपटॉपला. या वाटेत वेळ जवळजवळ जातच नाही. चित्र मात्र आधी कॅमेऱ्यात तयार होतं, मग एचडीएमआयच्या वायरीवरून कॅप्चर कार्डात (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपला देणाऱ्या डबीत) शिरतं, तिथे थोडं रेंगाळतं आणि मग लॅपटॉपच्या हाती लागतं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. वाटेत तीन-चार फ्रेम अडकल्या की चित्र १२० ते १६० मिलिसेकंद मागे पडलंच. मग राजा आधी गरजतो आणि तोंड नंतर उघडतो.

उपाय म्हणजे आवाज रोखणं. ओबीएस या लाइव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘सिंक ऑफसेट’ असतो. तिथे मिलिसेकंदांचा आकडा वाढवला की आवाज तेवढा उशिरा निघतो. आकडा अंदाजाने टाकू नका. माइकजवळ उभं राहून कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, ते रेकॉर्ड करा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत हात भिडल्याची फ्रेम आणि आवाजाचा सुळका यांच्यातलं अंतर मोजा. चित्राला घाई करायला कुणालाच जमत नाही, म्हणून जो आधी पोचला त्याला थांबवायचं. खालची बहुतेक उत्तरं फिरून याच ठिकाणी येतात.

किती फरक चालून जातो?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की माणसाला फरक जाणवू लागतो. ९० आधी आणि १८५ नंतर ही सहन होण्याची हद्द. युरोपातल्या प्रसारकांची संघटना जास्त कडक आहे: ४० आधी, ६० नंतर. जर्मन संशोधक राल्फ स्टाइनमेट्झ यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत दोन्ही बाजूंना ८० मिलिसेकंदांपर्यंत बहुतेकांना काही खटकत नाही आणि १६० च्या पलीकडे सगळ्यांना खटकतं.

आवाज आधी आला तर जास्त खटकतो आणि उशिरा आला तर कान माफ करतो, हे लक्षात घ्या. खाडीच्या पलीकडे कोणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड आधी पडलेली दिसते आणि ‘ठक्क’ नंतर ऐकू येतं. पावणेदोनशे मीटरची खाडी असेल तर मध्ये अर्धा सेकंद जातो. जन्मभर हेच पाहिलेलं असल्यामुळे उशिरा आलेल्या आवाजाची आपल्याला सवय आहे. कुऱ्हाड पडायच्या आधी आवाज आलेला कोणी पाहिलेला नाही. म्हणून ऑफसेट नीट बसत नसेल तर थोडा उशिराच्या बाजूला ठेवा.

मग कॅमेऱ्याचाच माइक वापरला तर?

आपल्याकडच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे रंगमंचापासून ३५ मीटरवरच्या कॅमेऱ्याला तो १०० मिलिसेकंदांनी पोचतो. चित्र-आवाज कदाचित आपोआप जुळतीलही, पण नाटकापेक्षा शेजारच्या खाजेवाल्याचं बोलणं जास्त ऐकू येईल.

रात्री अकराला नीट जुळवलेलं पहाटे पाचला का बिघडतं?

हा आमचा आवडता प्रश्न, कारण यात आम्ही स्वतः दोन जत्रा फसलो होतो. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, चित्र कॅमेऱ्यावर. संकासुराच्या प्रवेशापर्यंत सगळं छान. आख्यान रंगात येतं तेव्हा काहीतरी खुपायला लागतं आणि शेवटच्या युद्धात तलवार भिडल्यावर पाऊण सेकंदाने झांज वाजते.

प्रत्येक यंत्राच्या आत क्वार्ट्झच्या स्फटिकाचं घड्याळ असतं आणि कोणतीही दोन घड्याळं अगदी एका चालीने चालत नाहीत. दशलक्षात २० भागांची चूक अगदी नेहमीची. एक यंत्र तेवढं पुढे आणि दुसरं तेवढंच मागे धावलं तर तासाला १४४ मिलिसेकंद आणि सहा तासांत ८६४ मिलिसेकंद फरक पडतो. भरतीचं असंच आहे. ती चंद्राच्या घड्याळावर चालते आणि आपण सूर्याच्या, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणारा गाबीत मच्छीमार हे सरकणं आधीच हिशेबात धरतो: पंचमीला पावणेचार. ‘काल तीनला होती’ म्हणून आज तीनला होडी काढत नाही.

म्हणून दुखणं आधी ओळखा. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर एकदा ऑफसेट द्या, काम झालं. फरक वाढत जात असेल तर ऑफसेटने फक्त चुकीची जागा बदलते. तिथे सुरुवातीची टाळी आणि शेवटची टाळी यांच्यामधला काळ दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये मोजायचा आणि आवाजाची पट्टी तेवढ्या प्रमाणात ताणायची किंवा आखडायची. सहा तासांत ८६४ मिलिसेकंदांचा ताण कानाला कळत नाही. लाइव्ह करताना याहून सोपी वाट म्हणजे आवाज आणि चित्र एकाच यंत्रात घेणं, म्हणजे घड्याळ एकच राहतं.

फरक मध्येच उडी मारत असेल तर ते तिसरंच दुखणं. बहुतेक वेळा मोबाइलच्या कॅमेऱ्याने अंधारात फ्रेमची गती स्वतःहून कमी-जास्त केलेली असते.

पायपेटीची पट्टीच चढल्यासारखी वाटते. बुवा रागावले आहेत.

बुवांचं बरोबर आहे. आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी घेतला आणि पुढच्या यंत्राने तो ४८,००० समजून वाजवला की गाणं जवळजवळ ९ टक्के जलद होतं. काळी एकची पट्टी पांढरी दोन आणि काळी दोन यांच्यामध्ये कुठेतरी लटकते. सगळीकडे ४८,००० ठेवा.

चित्र आणि आवाज निराळ्या तुकड्यांनी जातात, तर कुठला तुकडा कशाबरोबर दाखवायचा हे मोबाइलला कळतं कसं?

प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारलेला असतो. टीव्ही आणि स्ट्रीमिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या एमपेगच्या प्रवाहात हा शिक्का सेकंदाला ९०,००० ठोके देणाऱ्या घड्याळाचा असतो. ९०,००० हा आकडा उगाच निवडलेला नाही. सेकंदाला २४, २५ किंवा ३० फ्रेम असल्या तरी एका फ्रेमला अनुक्रमे ३,७५०, ३,६०० आणि ३,००० असे पूर्ण ठोके येतात, अपूर्णांक उरत नाही. शिवाय पाठवणाऱ्याचं मुख्य घड्याळ किती चालतंय हेही त्याच प्रवाहातून सतत सांगितलं जातं, जास्तीत जास्त १०० मिलिसेकंदांच्या अंतराने. घेणारा आपलं घड्याळ त्याच्या चालीला लावून घेतो.

व्हिडिओ कॉलच्या जातीच्या प्रवाहांत आरटीपी नावाची पद्धत असते (पहिलं प्रमाण १९९६ चं, सुधारित २००३ चं). तिथे आवाजाचं मोजमाप वेगळं, चित्राचं वेगळं आणि दोघांची सुरुवातही कुठल्याही आकड्यापासून. नुसते हे दोन आकडे शेजारी ठेवून काही कळणार नाही. म्हणून पाठवणारा अधूनमधून एक अहवाल पाठवतो: ‘भिंतीवरच्या घड्याळात अमुक वाजले तेव्हा माझ्या आवाजाचा आकडा हा होता’, आणि चित्राचाही तसाच. दोन्ही अहवाल आल्यावरच सांगड बसते. कॉल सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद ओठ आणि शब्द जुळत नाहीत आणि मग अचानक जुळतात, त्यामागे बरेचदा हेच असतं.

सात दिवसांचा अखंड हरिनाम सप्ताह लाइव्ह होता. दुसऱ्या दिवशी सगळं एकदम अडकलं. नेट नीट होतं.

वरचा ९०,००० ठोक्यांचा शिक्का ३३ बिटांत लिहिला जातो. तेवढ्या जागेत मावणारे ठोके २६ तास ३० मिनिटांत संपतात आणि आकडा पुन्हा शून्यावर येतो. चांगलं सॉफ्टवेअर हे ओळखतं. कच्च्या सॉफ्टवेअरला वाटतं की काळ उलटा फिरला. सप्ताहात रोज पार (भजनाची पाळी) बदलताना, टाळ-मृदंग इकडून तिकडे जाताना, प्रवाह अर्धा मिनिट बंद करून पुन्हा सुरू करा. नाम अखंड राहतं, प्रक्षेपण खंडित झालं तर कोणी दोष देत नाही.

बफर मोठा ठेवावा की लहान?

नेटवरून तुकडे सारख्या अंतराने येत नाहीत. तीन एकदम येतात, मग बराच वेळ काही नाही, आणि मागून निघालेला आधी पोचतो. या अनियमितपणाला जिटर म्हणतात. बफर म्हणजे तुकडे काही काळ बसवून ठेवायची जागा, जिथून ते ठरलेल्या चालीने एकेक करून बाहेर सोडले जातात.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आठवा. दरवर्षी जूनमध्ये ते लागू होतं. दरडी आणि पाणी यांच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, म्हणून वेळापत्रकातच जास्तीचा वेळ धरतात. गाडी उन्हाळ्यापेक्षा उशिरा पोचते, पण सांगितलेल्या वेळेला पोचते आणि स्टेशनवर न्यायला आलेल्या माणसाला ताटकळावं लागत नाही. बारा महिने तेच सैल वेळापत्रक ठेवलं असतं तर उन्हाळ्यात उगाच वेळ वाया गेला असता. चांगला बफरही असाच ऋतू पाहून बदलतो: तुकड्यांचा विस्कळीतपणा वाढला की जास्त थांबतो, कमी झाला की जागा आखडतो.

बघणारे फक्त बघणार असतील तर बफर मोठा ठेवा, दहा-वीस सेकंद उशिराने कोणाचं बिघडत नाही. दोन्हीकडून बोलणं असेल तर तेवढी मोकळीक नसते. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सुखाचं होतं आणि ४०० च्या पलीकडे माणसं एकमेकांच्या बोलण्यात शिरायला लागतात. उपग्रहावरून जायचं झालं तर ३५,७८६ किलोमीटर वर आणि तितकंच खाली, यातच पाव सेकंदाच्या आसपास जातो. तो वेळ कुठल्याही सेटिंगने परत मिळत नाही.

रेंज गेली की आधी काय सोडायचं, चित्र की आवाज?

चित्र. एखादी फ्रेम गळली किंवा तीच दोनदा दिसली तर डोळ्याला पत्ता लागत नाही, पण पखवाजाच्या थापेत २० मिलिसेकंदांचं भोक पडलं तरी कानाला टोचतं. बहुतेक प्लेअर याच कारणाने आवाजाचं घड्याळ मुख्य धरतात आणि चित्राला त्याच्या मागे चालवतात.

कबड्डीत चढाई संपायच्या आधीच मोबाइलवर गुण दिसतात. मजाच जाते.

गुण हासुद्धा एक प्रवाहच आहे, आवाज आणि चित्रासारखा, फक्त हलका. टेबलवरच्या पोराने बटण दाबलं की आकडा एका सेकंदात मुंबईला पोचतो. चित्र मात्र ज्या पद्धतीने जातं (एचएलएस), तिथे व्हिडिओचे साधारण सहा-सहा सेकंदांचे तुकडे पाडतात आणि प्लेअर तीन तुकडे मागून सुरुवात करतो. म्हणजे १८ सेकंद तिथेच गेले, वर एन्कोडिंग आणि नेटचे वेगळे. चढाई ३० सेकंदांची. चढाईपटू अजून मधल्या रेषेच्या पलीकडे दम टिकवून आहे आणि वर पाटीवर लोणाचे दोन गुण चढलेलेही आहेत.

गावच्या स्पर्धेसाठी आमचा सल्ला साधा आहे: गुणांची पाटी ओबीएसमध्येच चित्रावर चढवा आणि मग पाठवा. एकदा चित्रात भिनली की ती चित्रापासून वेगळी होऊच शकत नाही. मोठ्या स्पर्धेत, जिथे प्रेक्षकाला पाटी दाबून खेळाडूची माहिती बघायची असते, तिथे आकडे वेगळे पाठवावे लागतात. मग प्रत्येक गुणावर तो कधी दिला गेला ती वेळ लिहायची, व्हिडिओच्या यादीतही कोणता तुकडा किती वाजताचा आहे हे लिहायचं, आणि प्लेअरने ‘मी आत्ता किती वाजताचं चित्र दाखवतोय’ हे पाहून त्या वेळेपर्यंतचेच गुण उघडायचे. पुढचे गुण हातात असले तरी झाकून ठेवायचे.

आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा गुणांवर भारतीय वेळ लिहिली आणि प्लेअर ती जागतिक वेळ समजला. प्रत्येक गुण साडेपाच तास पुढचा ठरला आणि प्लेअर इमानदारीत वाट बघत बसला. सामना सुटला, बक्षीस समारंभ झाला, मुंबईत पाटी शून्य-शून्य. तेव्हापासून आत सगळीकडे जागतिक वेळ आणि भारतीय वेळ फक्त पडद्यावर.

दोन जण दोन मोबाइलवरून गुण देत असतील तर वेळेबरोबर अनुक्रमांकही द्या. कोणती घटना आधीची हे ठरवायला घड्याळं जुळलेलीच असावी लागतात असं नाही, एकमेकांना कळवत पुढे जाणारे साधे आकडेही पुरतात, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं आहे.

सगळ्या यंत्रांची घड्याळं एकसारखी कशी लावायची?

एनटीपी. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये ही पद्धत पुढे आणली आणि आज जवळपास प्रत्येक मोबाइल-लॅपटॉप असल्याच कुठल्यातरी हिशेबावर चालतो. आपलं यंत्र सर्व्हरला विचारतं आणि निघाल्याची वेळ टिपतं. सर्व्हर प्रश्न मिळाल्याची आणि उत्तर सोडल्याची वेळ सांगतो. उत्तर पोचल्याची वेळ आपण पुन्हा टिपतो. चार वेळांवरून जाण्या-येण्यात किती गेलं ते कळतं, त्याचं अर्ध सर्व्हरने सांगितलेल्या वेळेत मिळवून आपल्या घड्याळाशी ताडलं की ते किती चुकतंय ते निघतं. गोम एवढीच की जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं यात गृहीत धरलेलं आहे. मोबाइलच्या नेटवर ते नेहमी खरं नसतं, म्हणून काही मिलिसेकंदांपासून काही दशक मिलिसेकंदांपर्यंत चूक राहते. गुणांसाठी ती चालते. अनेक कॅमेऱ्यांच्या मोठ्या कामात पीटीपी वापरतात. त्यात नेटवर्कचं हार्डवेअरच शिक्का मारतं, त्यामुळे चूक मायक्रोसेकंदाच्याही खाली जाऊ शकते.

घड्याळ कार्यक्रमाच्या आधी लावा. नाटक चालू असताना ते एकदम सरकलं तर शिक्के विस्कटतात.

गिरगावात हंडी फुटल्याचा आरडाओरडा होतो तेव्हा डोंबिवलीत अजून थर लागत असतात. का?

प्रत्येक प्लेअर वेगळ्या क्षणी सुरू झाला आणि प्रत्येकाने आपापल्या नेटप्रमाणे बफर धरला. आवाज आणि चित्र एका मोबाइलवर जुळलेले असतात, पण दोन मोबाइल एकमेकांशी जुळलेले नसतात. सगळ्यांना एकाच क्षणावर आणायचं तर सर्वांत हळू असलेल्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं. कुणी थोडा मागे पडला तर त्याचा प्लेअर चार-पाच टक्के जलद चालवून गाठ घालून देता येते. यासाठी २०१४ पासून प्रमाणित पद्धतही आहे. चाळीत एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना लिंक उघडलेली असेल तर आमचा उपाय स्वस्त आहे: एकाच घरात जमा.

एक बुवा कणकवलीत आणि दुसरे मुंबईत, अशी डबलबारी नेटवरून होईल का?

होईल. आणि आमच्या मते नेटसाठी डबलबारीइतका सोयीचा प्रकार दुसरा नाही, कारण एक बारी संपल्यावर दुसरी सुरू होते. मधला अर्धा सेकंद बुवांनी श्वास घेतला म्हणून खपून जातो.

एकाच वेळी दोघांनी गजर करायचा म्हटला तर मात्र अवघड आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला २०० किलोमीटर जातो, म्हणजे मुंबई ते सिंधुदुर्ग दोन-तीन मिलिसेकंदांचाच प्रश्न. पण आवाजाचे तुकडे करणं, वाटेतली यंत्रं, पलीकडचा बफर हे सगळं मिळून सहज शंभरावर जातं. ठेका एकमेकांना ऐकून धरायचा तर उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या आत लागतो, म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या पखवाजवाल्याइतका. त्यापलीकडे तो तुमच्यासाठी थांबतो, तुम्ही त्याच्यासाठी थांबता आणि लय बसत बसत झोपते. करायचंच असेल तर एक बाजू पुढारी ठरवा. तिने दुसऱ्या बाजूला अजिबात ऐकायचं नाही, दुसरीने तिच्या मागे गायचं आणि प्रेक्षकांना दुसऱ्या बाजूलाच जुळवलेलं ऐकवायचं. यासाठी कोणते बुवा राजी होतील ते आम्हाला विचारू नका.

मंडपात मागे स्पीकर लावला तर प्रतिध्वनी येतो.

मागच्या स्पीकरला आवाज वायरीने लगेच मिळतो आणि पुढचा आवाज हवेतून रमतगमत येतो. ५० मीटर अंतर असेल तर मागच्या स्पीकरला साधारण १४३ मिलिसेकंदांचा डिले द्या, वर आणखी १०-१५. म्हणजे आवाज रंगमंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. ब्लूटूथ स्पीकर मंडपात लावू नका. तो दीड-दोनशे मिलिसेकंद सहज खातो.

टाळी द्यायला विसरलो. आता रेकॉर्डिंग कसं जुळवू?

टाळीच्या जागी जे दिसतंही आणि ऐकूही येतं असं काहीतरी शोधा. पखवाजाची थाप फसवते, कारण बोटं कुठे टेकली ते दुरून दिसत नाही. झांज बरी: दोन तबकं भिडण्याची फ्रेम स्पष्ट मिळते आणि आवाजाच्या पट्टीवर तिचा सुळका सुईसारखा उभा राहतो. पहिली खूण सुरुवातीच्या गणपतीच्या प्रवेशात मिळेल. दुसरी खूण जितकी शेवटी मिळेल तितकी चांगली, कारण दोन खुणांशिवाय सरकलेलं घड्याळ कळत नाही. जत्रेतलं नाटक असेल तर कॅमेरा लवकर गुंडाळू नका. पहाटे दहीकाल्याची हंडी फुटते, ती चालेल.